गोठ्यांतील राजदूत



वारंगा फाट्यावर नांदेडहून येणारा हमरस्ता दुभंगतो. एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीकडे जाते, दुसरी हदगांव-उमरखेडवरून यवतमाळकडे. ह्या फाट्याजवळच्या एका वस्तींत, गोठ्याच्या कोपऱ्यांत, एक राजदूत मोटारसायकल अकरा वर्षें गोणपाटाखालीं उभी होती. ती एका उपदेशकाची. हिंगोली परभणी जिल्ह्यांत मोडत असे त्या काळीं ती नोंदली गेली, म्हणून तिच्या पाटीवर अजून परभणीचा २२ हा आंकडा आहे. हिंगोली जिल्हा निराळा झाला तो १ मे १९९९ रोजीं, आणि त्याचा आंकडा ३८. उपदेशक वारले व गाडी तशीच राहिली. भंगारवाला दोनदां येऊन वजनाचा भाव सांगून गेला. म्हाताऱ्या बाईंनीं ती दिली नाहीं. यंदा नातवानें मनावर घेतलें कीं, ही चालती करून आजीला रविवारीं उपासनेस न्यावयाचें. आजीचे गुडघे गेले आहेत, आणि चार महिने ती मंडळींत आलेली नाहीं.

पहिल्या सकाळीं नातवानें गोणपाट ओढून टाकलें, टाकींत बाटलीभर नवें पेट्रोल ओतलें आणि किक मारूं लागला. किक हलेना. तेव्हां तो दोन्ही पायांनीं तिच्यावर उभा राहिला. मी गाडी पाहावयास गेलों होतों; मीही पुढें होऊन “आणखी जोर लाव” असें म्हणालों, हें कबूल केलें पाहिजे. इतक्यांत फाट्यावरचे वृद्ध मिस्त्री आले. त्यांना सारा गांव चाचा म्हणतो. ते म्हणाले, “बेटा, पाय काढ. ती मेलेली नाहीं, जखडली आहे. आतां जोर केलास तर मात्र मरेल.”

गाडी चालून झिजते हें सर्वांस ठाऊक आहे. पण उभी राहूनही ती बिघडते, आणि तो बिघाड बाहेरून दिसत नाहीं. इंजिनांतल्या नळकांड्याच्या भिंतीवर तेलाचा जो पातळ थर असतो तो हळूहळू खालीं उतरतो. मग पावसाळ्याची ओल आंत शिरते, आणि दट्ट्याभोंवतींच्या लोखंडी कड्या त्या भिंतीला गंजानें चिकटतात. अशा वेळीं जोर केला तर कड्या तुटतात व भिंतीला चरे पडतात. चाचांनीं प्लग काढला, त्या भोंकांतून दोन चमचे तेल सोडलें, तोंडावर चिंधी ठेविली आणि ते घरीं निघून गेले. नातू चकित झाला. दुसऱ्या सायंकाळीं त्यांनीं गाडी वरच्या गियरमध्यें टाकून मागचें चाक हातानें पुढेंमागें, बोटभर, एवढेंच हलविलें. पुन्हां तेल, पुन्हां रात्रभर मुक्काम. तिसऱ्या दिवशीं दट्ट्या सुटला.

मग टाकीची पाळी आली. फार दिवस राहिलेल्या पेट्रोलांतला हलका अंश उडून जातो व मागें राळेसारखा चिकट गाळ उरतो. तो कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या छिद्रांत बसतो. शिवाय आतां पेट्रोलांत उसापासून व धान्यापासून केलेलें इथेनॉल असतें. देशांत त्याचें प्रमाण २०२२ सालीं शेंकडा १० झालें, २०२५ सालीं शेंकडा २०. तें ओल ओढून घेतें, आणि पाणी फार झालें म्हणजे पाण्यासह तळाशीं बसतें. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्याच्यासाठीं केलेल्याच नव्हत्या. नातवानें नवें पेट्रोल जुन्या गंजावर ओतलें, ही त्याची दुसरी चूक. तिसरी अधिक मोठी: राजदूतच्या इंजिनाला तेल पेट्रोलांत मिसळूनच द्यावें लागतें, आणि त्यानें नुसतें पेट्रोल ओतलें होतें. गाडी त्या सकाळीं सुरू झाली असती तर थोड्याच अंतरावर तापून पुन्हां जखडली असती. ती सुरू न झाली ही कृपाच म्हणावयाची.

बंधूंनो, पुष्कळ वर्षें दूर राहिलेला मनुष्य प्रार्थनामंदिराच्या दारांत आला म्हणजे आपण त्याला प्रथम काय विचारतों? “इतकीं वर्षें कोठें होतास?” आणि तो पायरीवरूनच परत फिरला कीं, त्याचें अंतःकरण कठीण झालें असें आपण वहींत लिहितों. जमिनींत रुपये पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत (मत्तय २५) आपण अशा वेळीं आठवतों. परंतु तेथें जाब धन्यानें विचारला, आणि तोही हिशेबाच्या दिवशीं. उपदेशकाच्या हातीं ती हिशेबाची वही कोणी दिली? आपल्या हातीं तेलाचे दोन चमचे आहेत, आणि वाट पाहणें आहे. आणखी एक गोष्ट मला त्या गोठ्यांत टोंचली. आजी चार महिने आली नाहीं. त्या चार महिन्यांत आम्हांपैकीं तिच्याकडे कोण गेलें? मी गेलों तो गाडी पाहावयास.

चौथ्या दिवशीं चाचांनीं टाकी काढून धुतली, कार्ब्युरेटर उघडला, छिद्रें हवेनें फुंकून मोकळीं केलीं. त्यांत सुई घालूं दिली नाहीं, कारण छिद्र रुंदावलें तर पेट्रोलाचें माप चुकतें. पॉइंटांवर चढलेला मळ बारीक कागदानें घासून त्यांतील अंतर सुमारें ०.४ मिलिमीटर ठेविलें. प्लग इंजिनाला टेंकवून किक मारली तेव्हां निळी ठिणगी दिसली. तरी सुरू करण्याआधीं त्यांनीं ब्रेक उघडले, क्लचच्या चिकटलेल्या चकत्या सोडविल्या आणि तडकलेले टायर बदलण्यास सांगितलें. “आधीं थांबतां आलें पाहिजे,” इतकेंच ते म्हणाले.

पांचव्या दिवशीं सातव्या किकला ती बोलली. धुरानें गोठा भरला, कोंबड्या पळाल्या. आजी ओसरीवरून म्हणाली, “हा आवाज तिचा नव्हे. दबलेला आहे.” चाचांनीं सायलेन्सर काढून झटकला, आंतून कुंभारीण माशीचें मातीचें घर पडलें.

आतां कागदांचें काम उरलें आहे. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढें पांच पांच वर्षांनीं नवी करावी लागते. ती केव्हांच संपली. गाडी अजून मयताच्या नांवावर आहे. विमा व धुराचा दाखला काढावयाचा आहे. हें सर्व होईपर्यंत ती अंगणाबाहेर न्यावयाची नाहीं, असें आजीनें नातवाला बजावलें आहे. तोंवर रविवारीं तिला रिक्षांतून आणण्याची पाळी आम्हीं तिघांनीं वांटून घेतली आहे. येता रविवार माझा.