छताचा रकाना कोरा का?

18 दिवे, 300 रुपयांना एक, एकूण 5,400. खाली दोन रेघा. झालं अंदाजपत्रक! आणि हा कागद तू मला दाखवायला आणलास? तू? दिवसभर पतसंस्थेत बसून लोकांच्या कर्जाच्या फायली तपासणारा माणूस? एखाद्या शेतकऱ्याने गोठ्याच्या एस्टिमेटमध्ये पत्रे लिहिले आणि अँगल, हूक, मजुरी लिहायची राहिली, तर ती फाईल किती वेळात परत पाठवतोस? चहा गार होईपर्यंत तरी थांबतोस का? मग स्वतःची फाईल आली की चष्मा कुठे जातो?

तुला येत नसतं, तर मी शांतपणे शिकवलं असतं. तुला येतं. चीड त्याचीच आहे.

दिवे छतात बसवायचे आहेत ना? मग छत कुठे आहे तुझ्या कागदावर? स्लॅबला भोकं पाडणार आहेस? पीओपी करावं लागेल, नाहीतर जिप्सम. तुझा हॉल 14 बाय 12, म्हणजे 168 चौरस फूट. मिस्त्रीने 90 रुपये फूट सांगितला, हे तूच मला म्हणालास. कर गुणाकार. 15,120. दिव्यांच्या जवळजवळ तिप्पट. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. म्हणसुद्धा तिपटीवर थांबते, तुझं काम तिथेही थांबत नाही. कडेने कोव्ह हवी म्हणतोस. भिंतीपासून एक फूट आत घेतलीस, तरी 44 रनिंग फूट झाले. ती उभी पट्टी मिस्त्री वेगळी मोजणार. तिच्या आतली एलईडी पट्टी वेगळी, तिचा ड्रायव्हर वेगळा. वर पुट्टी, प्रायमर, दोन हात रंग. वायरमन पॉइंटवर पैसे घेणार. एका बटणावर चार दिवे लूप केले, तर तो एक पॉइंट धरणार की चार, हे विचारलंस का? होल कोण मारणार, पीओपीवाला की वायरमन? दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील आणि मजुरी तू दोनदा देशील. प्लास्टर होऊन गेल्यावर तुला नवीन बोर्ड सुचला. त्याच्या झिऱ्या मारायच्या, त्या बुजवायच्या. पंखा खाली घ्यावा लागणार, त्याला लांब रॉड. यातलं काय तुला ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं. बेरीज नको तेवढी झाली असती, म्हणून पेन खाली ठेवलंस.

आणि 18 हा आकडा आला कुठून? मोबाईलमधल्या फोटोतून? पुण्याच्या साडूच्या हॉलमधून? गणितातून तर आलेला नाही, कारण गणित मी आत्ता करून दाखवतो. 168 चौरस फूट म्हणजे साधारण 15.6 चौरस मीटर. बसण्याउठण्याच्या खोलीला 150 लक्स प्रकाश भरपूर झाला. गुणाकार 2,340 लुमेन. भिंती शोषतात, धूळ बसते, म्हणून दीडपट धर: 3,500. 12 वॅटचा बरा दिवा 1,000 लुमेनच्या आसपास देतो. म्हणजे चार दिवे. हौस म्हणून सहा लाव. 18 कशाला? हॉलमध्ये मोतीबिंदूची शिबिरं भरवायची आहेत? 18 गुणिले 12 म्हणजे 216 वॅट. रोज पाच तास जाळलेस, तर महिन्याला 32 युनिट. महावितरणचा दर 100 युनिटच्या पुढे चढतो, हे दर महिन्याला बिल भरणाऱ्या माणसाला मी सांगायचं का?

आता तुझ्या नकाशातलं स्वयंपाकघर बघ. मधोमध एक दिवा. एकच! ओट्याशी उभं राहिलं की तो पाठीमागे येतो. सूनबाई आयुष्यभर स्वतःच्याच सावलीत भाजी चिरणार. आई पहाटे पोथी वाचते त्या कोपऱ्यात काय आहे? काही नाही. महिन्यातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी 18 आणि घरात राबणाऱ्या बाईच्या हातावर शून्य. याला बजेट म्हणतात की देखावा?

वरून म्हणतोस, ‘सर, एलईडी आहे, 25,000 तास बघायला नको.’ खोक्यावरचं वाचलंस, छान. ते तास ठरावीक तापमानाला मोजलेले असतात. तुझा हॉल वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब. नगरचा एप्रिल-मे काय असतो, हे सावेडीत वाढलेल्या पोराला सांगू? बाहेर चाळिशी ओलांडते, तेव्हा स्लॅब आणि पीओपी यांच्यामधल्या कोंडलेल्या हवेचं काय होत असेल? एलईडीची उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडते, आणि मागेच तू तिला कोंडतोयस. पुष्कळदा आधी ड्रायव्हर जातो, त्यातला कपॅसिटर सुकतो. मग तसाच दिवा आणायला जाशील, तर ते मॉडेल बंद झालेलं असेल. नव्याला जुनं भोक लहान पडलं तर पीओपी पुन्हा कापायचं; मोठं पडलं तर रिंग लावून झाकायचं आणि पाहुण्यांनी विचारू नये म्हणून देवाला हात जोडायचे. दोन दिवे त्याच खोक्यातले जास्तीचे घेऊन माळ्यावर ठेवायला किती लागतात? 600 रुपये. तुझ्या कागदावर ते आहेत का? खोक्यावर बीआयएसचा आर नंबर आहे की नाही, हे तरी पाहिलंस का? दुकानदाराने ‘बिल हवं का’ विचारलं आणि 18 टक्के जीएसटी वाचला म्हणून तू खुशीत ‘नको’ म्हणालास. वॉरंटी मागायला कोणता कागद घेऊन जाणार? माझं हे पत्र?

तुझी कारणं मला पाठ आहेत. शाळेत होती तीच आहेत, फक्त मिशा आल्यात. ‘वेळच मिळत नाही.’ दिव्यांचे फोटो बघायला रात्री बारापर्यंत मिळतो. ‘मिस्त्री ओळखीचा आहे.’ म्हणूनच लेखी घे. अनोळखी माणसाशी निदान भांडता तरी येतं. ‘वायरमन आपलाच आहे.’ असू दे की. परवाना आहे का त्याच्याकडे, ते सांग. ‘एकदाच करतोय, चांगलंच करू.’ चांगलं म्हणजे जास्त, हे तुला कोणी शिकवलं? मी तर नाही.

आणि ते शेवटचं कारण: ‘सर, भाव सारखे बदलतात, बजेट करून उपयोग काय?’ अरे, हिवरे बाजार तुझ्याच तालुक्यात आहे ना? तिथे पाऊस बदलत नाही का? पर्जन्यछायेतलं गाव, पावसाचा भरवसा तुझ्या पीओपीच्या भावापेक्षा कितीतरी कमी. तरी तिथले सरपंच म्हणून पोपटराव पवारांनी गावाला सवय लावली: दरवर्षी पडलेला पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसांचं आणि जनावरांचं प्यायचं पाणी बाजूला काढायचं, उरेल त्यावर पीक ठरवायचं. ऊस नाही. शेतीसाठी बोअर नाही. अख्ख्या गावाने मान्य केलं. भाव हलतात म्हणूनच हिशेब मांडायचा असतो, बाबा. स्थिर असते तर मांडायची गरजच काय होती? तू उलटा निघालास. आधी पीक ठरवलंस आणि आता पाणी शोधतोयस. पाणी कुठे सापडलं? ‘आपल्याच संस्थेत सोनेतारण करू.’ म्हणजे सूनबाईच्या पाटल्या. तिला विचारलंस? दिव्यांच्या कागदावर त्या पाटल्यांचं व्याज कुठे लिहिलंस? तारण ठेवणाऱ्या प्रत्येकाला तू व्याजाचा तक्ता समजावून सांगतोस म्हणे.

हॉल करू नको, असं मी म्हणत नाही. घर बांधलंस, कष्टाने बांधलंस, मलाही कौतुक आहे. पण रविवारी नवा कागद घेऊन ये. आधी ओटा, आईचा कोपरा, जिना, बाथरूम. मग हॉल, तोही सहा दिव्यांत. दिवे, छत, रंग, पॉइंट, झिऱ्या, जास्तीचे दोन नग, सगळ्यांचे रकाने आखून. मिस्त्रीचा आणि वायरमनचा रेट लेखी, मजुरीसकट, होल मारण्यासकट. एकूण बेरजेवर दहा टक्के वेगळे धर, कारण काम उघडल्यावर काहीतरी निघतंच. बेरीज खिशापेक्षा मोठी आली, तर कोव्ह कापायची. पाटल्यांना हात लावायचा नाही. आणि येताना सूनबाईलाही घेऊन ये. ओट्यावरचा दिवा कुठे हवा, ते ती सांगेल, तू फक्त लिहून घे.