ओझरचा गणपती आणि बोर्डावरचा गण

श्रावणात अष्टविनायकाला निघालेल्यांत निवृत्त जोडपीही असतात. आठांपैकी दोन गणपती एकट्या जुन्नर तालुक्यात आहेत: ओझरचा विघ्नेश्वर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज. पुणे-नाशिक रस्त्यावर पावसाने झोडपलं की नारायणगावात चहाला थांबणं होतं. बाजारात टोमॅटोच्या क्रेटची चढउतार चालू असते. पण तमाशाची पंढरी म्हणून ज्याचं नाव आहे त्या गावात तमाशाची खूण काही दिसत नाही. पावसाळ्यात फड बंद असतात. ते बाहेर पडतात दसऱ्याला. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे त्यांच्या राहुट्या लागतात आणि जुन्नर-आंबेगावसह दूरदूरच्या गावांची माणसं आपल्या जत्रेची सुपारी द्यायला येतात.

जत्रा देवाची. मग तमाशा कुणासाठी?

गावच्या जत्रेचा क्रम पाहिला तर उत्तर अवघड वाटत नाही. सकाळी अभिषेक, संध्याकाळी पालखी, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी तमाशाची हजेरी आणि कुस्त्यांचा आखाडा. यातलं काय धार्मिक आणि काय करमणुकीचं, अशी रेघ गावाने कधी मारलेली नाही. तमाशाही आधी गणाने उभा राहतो. ढोलकी-हलगीच्या साथीने गणपतीला आवाहन झाल्याशिवाय गवळण येत नाही, आणि वग तर त्याच्याही नंतर. ओझरला गाभाऱ्यात ज्याला हात जोडले, त्यालाच फडातले कलावंत बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, बोलावतात.

गण ही केवळ प्रथा उरली आहे, खरा ओढा पुढच्या लावणीचा, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. पण पूजेला बसलेल्या प्रत्येकाचं मन तरी पूजेत असतं का? शिवाय गवळण संत एकनाथांनीही लिहिली आणि भारुडातून सोंगं उभी केली. कलगी-तुऱ्याच्या फडांत शक्ती श्रेष्ठ की शिव, यावर शाहीर रात्रभर सवाल-जवाब करत. लावणीकार होनाजी बाळाची भूपाळी घराघरांत पहाटेची प्रार्थना झाली, व्ही. शांतारामांनी १९५१ साली त्यावर ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट काढला. गाणं देवापर्यंत पोचतं हे मराठी माणसाने केव्हाच मान्य केलं. गाणाऱ्याला मात्र त्याने दाराबाहेर ठेवलं.

याच नारायणगावच्या तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ सालचा, तोही पंढरपूरचा. विठोबाच्या गावात जन्मलेल्या त्या विठाच्या जातीला तेव्हा विठोबाचं देऊळ बंद होतं. ते उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. विठाबाईंची एक हकिकत आजही सांगितली जाते: दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. लोक ही हकिकत कौतुकाने सांगतात. पण तिच्यात कलेवरच्या निष्ठेइतकंच पोटाचं भय आहे, आणि दिवस भरलेल्या बाईला नाचायला लावणारी व्यवस्थाही आहे. २००२ साली त्या गेल्या. आता राज्य सरकार तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं.

याच तालुक्यात आळे गावी रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तोच हा रेडा, अशी श्रद्धा आहे. वेद कुणाच्या मुखातून यावा याला जात आड येत नाही, हे सांगणारी कथा इथल्या भाविकांनी शतकानुशतकं जपली. ती खरी मानायची तर गण गाणाऱ्या बाईचं स्थानही ठरून जातं: जत्रेच्या रात्री गावाच्या वतीने देवाला हाक मारणारी ती असते, म्हणजे पुजाऱ्याचंच काम करत असते.

हे मानलं तर जत्रा कमिटीचं काम सुपारीचे पैसे मोजून संपत नाही. फडातल्या बायांना कपडे बदलायला बंदिस्त जागा, प्यायला पाणी, अर्वाच्य ओरडणाऱ्याला तिथल्या तिथे बाहेर काढणारे गावकरी आणि सकाळी देवळात पुजाऱ्याइतक्याच मानाचा नारळ, हेही देवाच्या सेवेतच येतं. अभिषेकाची जितकी काळजी घेतली जाते, तितकीच याची घ्यायला हवी.