कायद्याच्या लेखी कुत्रा

2010 च्या डिसेंबरात ओरेगॉन राज्यातल्या प्राणी-संरक्षण संस्थेकडे तक्रार आली की एक बाई आपल्या कुत्र्याला मारते आणि उपाशी ठेवते. चौकशीला गेलेल्या अधिकाऱ्याला तो कुत्रा, जुनो, अंगणातच दिसला. हाडांचा नुसता सापळा झालेला, दिसेल ते तोंडात घालणारा आणि कोरड्या ओकाऱ्या काढणारा. खाणं संपलंय, आज रात्री आणणार होते, असं मालकीण म्हणाली. अधिकाऱ्याने जुनोला ताब्यात घेतलं, पशुवैद्याने त्याचं रक्त तपासलं. आजार कसलाच नव्हता. होती ती निव्वळ उपासमार.

खटला उभा राहिला तेव्हा बचाव असा झाला : कुत्रा माझी मालमत्ता आहे. वॉरंट नसताना त्याचं रक्त काढणं म्हणजे माझी बंद पेटी उघडून झडती घेणं. हा मुद्दा हास्यास्पद नव्हता. अपिलात तो टिकलाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये तो फेटाळला. कुत्रा मालमत्ता आहे हे खरं, पण त्याची किमान निगा राखणं कायद्याने मालकावर टाकलेलं आहे. उपासमारीच्या संशयावरून रीतसर ताब्यात घेतलेल्या जिवंत प्राण्याची वैद्यकीय तपासणी ही पेटीची झडती ठरत नाही.

याच ओरेगॉनमध्ये, पोर्टलंडला, ट्रायन क्रीकच्या जंगलाला लागून लुईस अँड क्लार्क लॉ स्कूल आहे. प्राण्यांच्या कायद्याला वाहिलेलं ‘अ‍ॅनिमल लॉ रिव्ह्यू’ हे नियतकालिक तिथल्या विद्यार्थ्यांनी नव्वदच्या दशकात सुरू केलं. या विषयातली जगातली पहिली एलएलएम तिथलीच. उन्हाळी सत्रात हा विषय शिकता येतो. अशा सत्राचं मोल मला वाटतं ते एवढ्याचसाठी की कणव घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला तिथे प्रश्न नीट मांडायला शिकावं लागतं. क्रूरता वाईट आहे, हे कोणालाच सिद्ध करावं लागत नाही. अवघड प्रश्न पुढचा : कोर्टाची पायरी चढायची कोणी, आणि कोणाच्या नावाने?

2018 मध्ये ओरेगॉनमधल्याच जस्टिस नावाच्या घोड्याच्या नावाने दावा दाखल झाला. हालअपेष्टांमुळे आयुष्यभर लागणाऱ्या उपचारांचा खर्च त्याला आधीच्या मालकाकडून हवा होता. घोड्याला दावा लावता येत नाही म्हणून कोर्टाने तो काढून टाकला आणि 2022 मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठाने ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या हॅपी या हत्तिणीच्या सुटकेची याचिका पाच विरुद्ध दोन मतांनी नाकारली. अर्जेंटिनात मात्र 2016 मध्येच मेंडोसाच्या न्यायाधीशाने सेसिलिया या चिंपांझी मादीची हेबिअस कॉर्पस, म्हणजे बेकायदा कैदेतून सुटकेची, याचिका मान्य केली होती. तिची रवानगी ब्राझीलच्या अभयारण्यात झाली. म्हणजे कायद्याला हे अशक्य नाही.

आणि आपण? 2014 च्या नागराजा निकालात सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींनाही मनाई केली. शेपट्या पिरगाळणं, त्यांना चावणं असे प्रकार न्यायालयासमोर आलेल्या अहवालांत नोंदलेले होते. जगण्याच्या हक्काची व्याप्ती प्राण्यांपर्यंत नेण्याची भाषा त्या निकालात होती. पुढे शर्यतींना वाट करून देण्यासाठी राज्यांनी कायदे बदलले, आणि 2023 च्या मे महिन्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते बदल वैध ठरवले. प्राण्यांना मूलभूत हक्क देण्याचा पायंडा नाही, असंही म्हटलं. शर्यतीच्या घाटात गुलाल उधळला गेला. त्या आनंदातल्या शेतकऱ्याचं बैलावरचं प्रेम मी खोटं मानत नाही. पण पोळ्याला ज्याच्या पाया पडतो त्या बैलाचं संरक्षण मालकाच्या प्रेमावर सोडायचं की त्याच्या स्वतःच्या हक्कावर उभं करायचं, हा प्रश्न त्या निकालाने मिटलेला नाही.

आपल्या कायद्याची अडचणही मालमत्तेचीच आहे. 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिलाय 10 ते 50 रुपये. भारतीय न्याय संहितेत प्राण्याला ठार मारण्याचं कलम, 325, मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या प्रकरणात येतं. माझ्या दाराशी वाढलेल्या, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या कुत्रीला विष घातलं तर नुकसान कोणाचं झालं असं समजायचं? ज्या कायद्याला हा प्रश्न पडतो, त्याची मांडणीच चुकलेली आहे असं मी म्हणेन.

वास्तविक आपल्याकडे सामग्री कमी नाही. मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने 1925 मध्ये मान्य केलं. देवाच्या नावावर जमीन असते, देव दावा लावतो, वहिवाटदार त्याच्या वतीने उभा राहतो. न बोलणाऱ्याच्या वतीने बोलायची ही रीत आपल्या वकिलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ती बैलापर्यंत, हत्तिणीपर्यंत न्यायची का, कशी, किती, हा वाद विधी महाविद्यालयांतून व्हायला हवा. तो पोर्टलंडला जाणं परवडणाऱ्यांपुरता राहू नये.

त्यासाठी फार खर्चही लागत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत तीन आठवडे, वीस-पंचवीस विद्यार्थी, एक निवृत्त न्यायाधीश, एक पशुवैद्य, आणि शर्यतीला बैल नेणारा एक शेतकरीसुद्धा. वाचायला जुनोचा खटला आणि नागराजा, नागराजाच्या जोडीला 2023 चा निकाल. पुण्या-मुंबईच्या, नागपूर-कोल्हापूरच्या प्राचार्यांनी आणि विद्यार्थी संघटनांनी हे येत्या उन्हाळ्यातच सुरू करावं.