शिंपल्याचं तोंड

पाळीव प्राण्यानं कसं, थोडी दखल घ्यायला लावावी. कुत्रं शेपूट हलवतं, मांजर भूक लागली की घर डोक्यावर घेतं, पाळल्यासारखं वाटतं. आमच्या चिरंजिवांनी मात्र फिशटँकमध्ये ठेवायला दोन शिंपले आणले. दुकानदार म्हणाला होता, "पाणी साफ करतात, खायला काही घालावं लागत नाही." असा नोकर मिळाल्यावर कोणता मध्यमवर्गीय नाही म्हणेल?

शिंपल्याचा दिनक्रम साधा. वाळूत अर्धं अंग पुरून घ्यायचं, पाणी आत ओढायचं, त्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खायचं नि उरलेलं पाणी बाहेर सोडायचं. म्हणजे पाणी साफ करणं ही त्याची नोकरी नव्हे, ते त्याचं जेवण! पाणी नितळ झालं की आपण "वा!" म्हणतो, तेव्हा त्याच्या पानात काहीच नसतं. काम जितकं चोख, तितकी उपासमार पक्की.

बरं, तो सांगणार कसा? त्याच्या बिजागरीतला लवचिक पट्टा कवच उघडू पाहतो. जिवंतपणी तो स्नायू आवळून ते मिटतो. मेला की स्नायू सैल पडतात. माणूस मेला की गप्प होतो; शिंपला मेल्यावर तोंड उघडतो.

पण त्याला भूक 'जाणवते' का? मेंदू नाही, मज्जापेशींच्या काही गाठी. पीटर सिंगर या तत्त्वज्ञानं १९७५ साली 'अ‍ॅनिमल लिबरेशन'मध्ये ही सीमारेषा कोळंबी आणि कालव यांच्यामध्ये कुठंतरी आखली; १९९०च्या आवृत्तीत त्यांना स्वतःलाच ती पटेना. शिंपला कालवाच्या भावकीतला. तत्त्वज्ञाचं १५ वर्षांत जिथं मत बदललं, तिथं आमच्या जेवणाच्या टेबलावर काय निकाल लागणार?

आमची सौ. म्हणाली, "जाणवतं की नाही ते तुम्ही बापलेक ठरवा. तोवर त्याला वाढायला नको का?" तिनं गॅलरीत उन्हात पाण्याची बरणी ठेवलीय. पाणी हिरवं झालं की वाटीभर टाकीत ओतते. मासे अंधूक दिसतात म्हणून चिरंजीव कुरकुरतात.

मला तिचं पटतं. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, हा हिशेब नेहमी वाढणाऱ्याच्या सोयीचा. सर्वांत शेवटी पातेलं खरवडून जेवणाऱ्या घरातल्या बाईबद्दलही पिढ्यान्‌पिढ्या हाच चालत आला. ओरडणाऱ्याला वाढायला माणुसकी लागत नाही, नुसते कान पुरतात. न ओरडणाऱ्याच्या पानात मात्र वाकून पाहावं लागतं.