दुसऱ्याच्या वाट्याचा विश्वास

ख्रिस्ती लग्नाच्या उपासनेत पाळकसाहेब वधूवरांना बहुधा सांगतातच, की संसार दोघांचा नसतो, तिघांचा असतो, तिसरा प्रभू. हे खरं आहे, आणि ऐकायला गोडही वाटतं. त्यातली अवघड बाजू मात्र त्या दिवशी सहसा कुणी उलगडून दाखवत नाही. प्रभू संसारात आहे याचा अर्थ माझ्या जोडीदाराचं त्याच्याशी स्वतःचं असं नातं आहे, आणि तिथे माझा शब्द चालत नाही. आजारपण आलं, नोकरी गेली, मूल होत नसलं, की माणूस देवावर भार टाकायला शिकतो; दुसरा इलाजच नसतो. जोडीदाराच्या मनाबाबत मात्र इलाज आपल्याच हाती आहे, असं वाटत राहतं. समजावू, रागावू, अबोला धरू, रविवारी ओढून चर्चला नेऊ. अंतःकरणापासून देवावर ठेवलेला भरवसा लग्नात सगळ्यात जास्त कसाला लागतो तो इथे, असं माझं ठाम मत आहे.

मराठी ख्रिस्ती माणसाला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो घाव होता. नवरा जिवंत असून संसार मोडला, पदरात लहान मुलगा, आणि चारचौघांत तोंड दाखवायची चोरी. पुढची काही वर्षं त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली. त्यानंतर त्या टिळकांकडे राहायला आल्या, पण आपलं सोवळंओवळं घेऊनच. एका घरात ख्रिस्ती नवरा आणि त्याच्या पंक्तीला न बसणारी बायको, असा तो संसार सुरू झाला. लक्ष्मीबाईंनीही प्रभूला ओळखावं, अशी टिळकांची तळमळ होती, हे उघड आहे. तरी एकत्र राहायचं तर आधी बाप्तिस्मा घे, अशी अट त्यांनी घातली नाही.

टिळकांचा स्वभाव लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे. तापट, उतावळा, मनात आलं की निघाला असा माणूस. अशा माणसाने बायकोच्या सोवळ्यापाशी हात आखडता घेतला, याला मी नुसता समजूतदारपणा म्हणणार नाही. ज्या देवाने मला गाठलं तो हिलाही गाठायला समर्थ आहे, या खात्रीशिवाय असल्या माणसाला ते जमणं कठीण. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलानेही विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराबरोबर नांदायला मोकळीक दिली आहे, तो जोडीदार नांदायला राजी असेल तर. तू आपल्या नवऱ्याला तारशील की नाही, हे तुला काय ठाऊक, असंही तो तिथे विचारतो. दुसऱ्याचं तारण आपल्या हातून होईलच असं गृहीत धरू नका, असाच त्या प्रश्नाचा रोख मला दिसतो.

लक्ष्मीबाईंचं मन पालटलं ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झुंजल्या आणि उत्तरही स्वतःच काढलं. जात माणसाची, असं एकदा ठरल्यावर कुणाच्याही हातचं खायला त्यांना अडचण उरली नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणूनच त्यांचा विश्वास नवऱ्याच्या विश्वासाची सावली ठरला नाही.

याच संसाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. दारी आलेल्या गरजवंताला ते घरखर्चाची रक्कमही देऊन मोकळे होत. देव देईल, ही त्यांची श्रद्धा खरी होती. पण चूल पेटवायची जबाबदारी लक्ष्मीबाईंची होती. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगारही सोडला आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. मला टिळकांविषयी अपार आदर आहे, आणि तरीही म्हणावंसं वाटतं, की एकाने देवावर हवाला ठेवायचा आणि त्याची किंमत दुसऱ्याने रोज डब्याच्या तळाशी हात घालून मोजायची, हा भरवसा अर्धा आहे. संसारातला असा निर्णय दोघांनी गुडघे टेकून घ्यायला हवा. एकाचं मन अजून तयार नसेल तर थांबणं, हाही भरवसाच आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मार खाणाऱ्या बाईला “देवावर भरवसा ठेव, सहन कर” असं सांगणारी माणसं मंडळ्यांमध्ये आजही आहेत. कायद्यानेही पिढ्यानपिढ्या तेच केलं. १८६९च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पुरुषाला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे. बाईला मात्र नुसत्या व्यभिचारावर सुटका नव्हती, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. ही विषमता जायला २००१ सालची दुरुस्ती उजाडावी लागली. देवावरचा भरवसा हा ज्याचा त्याने ठेवायचा असतो. दुसऱ्याला गप्प बसवण्यासाठी तो वापरणं म्हणजे देवाचं नाव व्यर्थ घेणं.

१९१९ साली टिळक गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. लग्नानंतर नवऱ्याच्या धडपडीमुळे लिहावाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं, आणि टिळकांनी लिहिलं होतं त्याहून कितीतरी जास्त अध्याय स्वतः रचले. बायकोने बाप्तिस्मा घ्यावा म्हणून टिळकांनी तिच्यावर जबरदस्ती केली असती, तर ख्रिस्ताची कथा अशी आपली म्हणून सांगायचं बळ तिच्या लेखणीला आलं असतं का, याची मला शंका आहे.