न सांगता हाकलण्याची कला

ड्रुपल या मोफत सॉफ्टवेअरवर जगभरातल्या असंख्य वेबसाइट चालतात. त्याला जोडता येईल असं ‘मिझरी’ नावाचं एक मॉड्यूल कुणीतरी तयार केलं होतं. त्याचं काम एकच, नकोशा सदस्याला छळणं. तो आत आला की पान उघडायला उगाच वेळ लावायचा, कधी नुसता पांढरा पडदा दाखवायचा, कधी भलत्याच पानावर नेऊन सोडायचं, तर कधी त्याने मेहनतीने भरलेला फॉर्म पुढे सरकूच द्यायचा नाही. बिचाऱ्याला वाटायचं, आज नेटच बिघडलंय. चार दिवस असे वैतागात गेले की तो आपणहून दुसरीकडची वाट धरेल, असा हिशोब. भांडण नाही की काढून टाकल्याची नोटीस नाही. हाकलणारा पुरता नामानिराळा.

प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या साइटचे एक संस्थापक जेफ अ‍ॅटवुड यांनी 2011 मध्ये अशा युक्त्यांची वर्गवारी मांडली. साइट मुद्दाम संथ करणं म्हणजे स्लोबॅन, खोट्या तांत्रिक चुका दाखवणं म्हणजे एररबॅन. आणि सगळ्यांत कावेबाज तो हेलबॅन: माणूस लिहीत राहतो, त्याला स्वतःचं लिखाण दिसतही राहतं, फक्त इतर कुणालाच ते दिसत नाही. पुढे शॅडोबॅन हे नाव जास्त रुळलं. कल्पना मात्र इंटरनेट घरोघरी पोहोचण्याच्या आधीची. 1980 च्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या बुलेटिन बोर्डांसाठी ‘सिटाडेल’ नावाचं सॉफ्टवेअर होतं. त्यात त्रासदायक सदस्याच्या नावापुढे एक खूण करता येई. मग तो सगळं वाचू शके, पण त्याचे निरोप बाकीच्यांपर्यंत पोहोचत नसत.

हे ज्यांनी शोधलं, ते काही दुष्ट नव्हते. फोरम सांभाळणारी मंडळी बहुधा बिनपगारी असतात. नोकरी-घर उरकून रात्री येऊन बघावं, तर एका उपद्व्यापी सदस्याने पन्नास जणांना चिथावलेलं. त्याला उघड काढलं तर दहा मिनिटांत नवा ईमेल, नवं नाव, आणि आता हुतात्म्याचा आव. खोडसाळ माणूस प्रत्युत्तरावर पोसला जातो. ते बंद झालं की तो कंटाळतो, हे निरीक्षणही खरं आहे. स्पॅम टाकणाऱ्या यंत्रांबाबत तर ही युक्ती बिनतोड. यंत्राला आपण पकडले गेलो हे कळू न देण्यातच शहाणपण असतं, आणि त्यात कुणाचा अपमानही होत नाही.

माणसांचं तसं नसतं. टेरी डेव्हिस या अमेरिकन प्रोग्रामरचं उदाहरण घ्या. त्याने ‘टेंपलओएस’ ही अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम एकहाती लिहिली. त्याला स्किझोफ्रेनिया होता. ‘हॅकर न्यूज’ या चर्चास्थळावरच्या त्याच्या लिखाणात असंबद्ध वाक्यं असत, वंशद्वेषी शिव्या असत आणि अधूनमधून जाणकारालाच सुचेल असं काही नेमकं तांत्रिकही असे. त्याचं खातं दडपलं गेलं. ‘मेलेल्या’, म्हणजे दडपलेल्या, प्रतिक्रिया दाखवण्याचं खास सेटिंग ज्यांनी सुरू ठेवलं होतं, त्यांनाच तो दिसे. 2018 मध्ये तो वारला. शिव्या सगळ्यांपुढे येऊ देऊ नयेत, हे मान्यच. पण ज्याचा आजारच खरं काय नि भास काय याची गल्लत करतो, त्याच्याशी जगाने असा लपंडाव खेळावा का?

अ‍ॅटवुड यांनी स्वतःच्या साइटवर ही हत्यारं वापरली नाहीत. तिथे निलंबन उघड आणि मुदतीचं असे, सदस्याच्या पानावर ते लिहिलेलंही असे. ‘रेडिट’ने 2015 च्या नोव्हेंबरात खऱ्या माणसांसाठी शॅडोबॅनऐवजी उघड निलंबन आणलं आणि शॅडोबॅन स्पॅमवाल्यांपुरता राखला. उघडपणाने काम वाढतं, पण वाया जात नाही. शगुन झवेर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये रेडिटवरच्या 3 कोटी 20 लाख पोस्ट तपासल्या. पोस्ट काढताना कारण सांगितलं, तर पुढच्या पोस्ट काढाव्या लागण्याची शक्यता घटते, असं त्यांना आढळलं.

छोट्या फोरमची ही क्लृप्ती मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली तेव्हा तिचं रूप पालटलं. आता माणूस पुरता अदृश्य करायची गरजच नाही. शोधात नाव खाली ढकलायचं, फीडमध्ये पोस्ट मागे ठेवायची, की झालं. ट्विटरने 2018 च्या जुलैत, आम्ही शॅडोबॅन करत नाही, असं जाहीर केलं. 2022 च्या डिसेंबरात कंपनीतली कागदपत्रं बाहेर आली, तेव्हा स्टॅनफर्डचे तत्कालीन प्राध्यापक जय भट्टाचार्य यांचं नाव ‘ट्रेंड्स’मध्ये येऊ न देण्याच्या यादीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरवता येतात, कारण पोहोच कमी करणं म्हणजे शॅडोबॅन नव्हेच, अशी कंपनीची व्याख्या. टिकटॉकची तऱ्हा आणखी वेगळी. अपंग लोकांच्या व्हिडिओंची पोहोच मुद्दाम मर्यादित ठेवली जात होती, हे 2019 मध्ये एका जर्मन संकेतस्थळाने उघड केलं. कंपनीने ते कबूल केलं आणि वर कारण दिलं की त्यांना टवाळीपासून वाचवायचं होतं. ज्यांनी त्रास दिला नव्हता, उलट ज्यांना तो होण्याची शक्यता होती, त्यांनाच झाकून ठेवलं!

खरं नुकसान इथेच आहे, आणि ते हाकललेल्या माणसापुरतं राहत नाही. गुपचूप शिक्षा देता येते हे एकदा सगळ्यांना ठाऊक झालं, की प्रत्येक शांततेचा संशय येऊ लागतो. पोस्टला चार लाइक आले तर ती रटाळ होती, चुकीच्या वेळी टाकली, की कुणी दाबली? रटाळ लिहिणाऱ्याला सबब मिळते आणि खरोखर दाबलेल्याला पुरावा मिळत नाही.

गावकीने वाळीत टाकलं, तर निदान माणसाला ते कळतं, आणि महाराष्ट्रात 2017 पासून लागू असलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली त्याला पोलिसांत जाता येतं. जी शिक्षा झाल्याचंच कळत नाही, तिच्याविरुद्ध दाद कुठे मागणार? युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याने नेमकी ही फट ओळखली. पोस्ट काढली नाही, नुसती मागे ढकलली, तरी कारण कळवणं त्याने बंधनकारक केलं. त्याच्याच आधारे नेदरलँड्समधले संशोधक डॅनी मेकिच यांनी 2024 च्या जुलैत अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यायालयात ‘एक्स’विरुद्धचा, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरविरुद्धचा, दावा जिंकला. मुलांच्या लैंगिक शोषणाची सामग्री रोखण्यासाठीच्या प्रस्तावित युरोपीय कायद्यावर टीका करणारी पोस्ट त्यांनी टाकली होती, आणि त्यानंतर त्यांच्या खात्यावर मर्यादा आल्या होत्या.

भारताच्या 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांमध्येही कारण कळवण्याची सक्ती आहे. मोठ्या कंपनीने स्वतःहून मजकूर हटवला किंवा त्याची वाट बंद केली, तर त्याआधी वापरकर्त्याला सांगावं लागतं. पण जागेवरच असलेली, फक्त कुणाच्या फीडमध्ये न जाणारी पोस्ट ‘हटवली’ असं म्हणता येत नाही.