भंगलेल्या मूर्तीतला देव

न्हावा-शेवा बंदराच्या पश्चिमेला, खाडीच्या पाण्यात घारापुरीचे बेट आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास तिथल्या कातळात शिवाचे लेणे कोरले गेले. १५३४ मध्ये वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि धक्क्याजवळच्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. पुढे मूर्तींची मोडतोड झाली. सारा दोष सैनिकांवर टाकण्याचा प्रघात आहे; पण गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्येच लेण्यात शिरणाऱ्या गुरांनी केलेल्या नासधुशीचा उल्लेख केला होता.

आज नटराजाच्या पायांचा पत्ता नाही. नृत्य कमरेवरच उरले आहे. अशा मूर्तीत देव राहतो का?

शास्त्राचे उत्तर सरळ वाटते. आवाहनाने देव मूर्तीत येतो, विसर्जनाने जातो. म्हणजे घाव दगडावर बसतो, देवावर नाही. मूर्तिभंजकाचा सगळा आवेश इथेच फुकट जातो. मग खंडित मूर्ती पूजेला का चालत नाही? कारण ध्यान रूपाचे करायचे असते आणि भंगलेले रूप मनाला अडते. म्हणून जीर्ण मूर्ती विधिपूर्वक पाण्यात सोडतात. अग्निपुराण मात्र ऋषींनी किंवा असुरांनी स्थापलेली मूर्ती जीर्ण वा भग्न झाली तरी हलवू नये, असे सांगते. डोंगरातच कोरलेली मूर्ती तर हलवणेच अशक्य. घारापुरीत नियमच थबकतो.

शैव आगमांत यातून वाट सापडते. हातपाय असलेली मूर्ती सकल, लिंग निष्कल, आणि मुखे असलेले लिंग दोन्हींच्या मधले. अवयवच नाहीत, तिथे अवयवभंग कसला? लेण्यात चार दारांच्या गाभाऱ्यात लिंग आहे. महाशिवरात्रीला भाविकांची रीघ त्याच्याकडेच लागते. नटराज आणि अर्धनारीश्वर पाहायचे, पूजा लिंगाची करायची, ही वाटणी शास्त्राला धरूनच आहे.

१७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज अंमल संपला, १७७४ मध्ये इंग्रज आले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा ताबा पक्का झाला. त्यांना मूर्तीत देव नव्हे, वस्तू दिसली: १८६४ मध्ये तो हत्ती इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला. त्याचे तुकडे जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे. १९८७ मध्ये युनेस्कोने लेणी जागतिक वारसा ठरवली. त्या यादीत भग्न आणि अभग्न असा भेद नाही.